हेवी मेटलवर सर्वांत मोठा प्रभाव कोणाचा? वादात उतरण्याआधीची तयारी

रॉक आणि त्यातून निघालेलं जड, मोठ्या आवाजाचं हेवी मेटल (थोडक्यात मेटल) ऐकणारे चार जण एकत्र बसले की हा विषय निघतोच. ब्लॅक सॅबथ, लेड झेपलिन, डीप पर्पल या तीन ब्रिटिश बँडांची नावं पहिल्या पाच मिनिटांत येऊन जातात आणि मग आवाज चढतो. नव्यानं ऐकायला लागलेला माणूस तिथे गप्प बसतो. बाकीचे भराभर ज्या गाण्यांची नावं घेतात, ती त्यानं ऐकलेली नसतात आणि विचारायचा संकोच वाटतो. हा लेख त्याच्यासाठी आहे.

अशा बैठकांत मी बरीच वर्षं बसतोय. माझ्या अनुभवात ज्या वादात गाणी वाजवली जातात तोच पुढे सरकतो; नुसती नावं घेतली जातात तो तिथल्या तिथे फिरत राहतो. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्या एकाच नियमावर उभ्या आहेत: प्रत्येक दाव्यासाठी एक जोडी हवी. एक जुनं रेकॉर्डिंग, एक नंतरचं मेटलचं रेकॉर्डिंग आणि दोन्हींत जे सारखं आहे ते कितव्या मिनिटाला ऐकू येतं याची नोंद. जोडी नसेल तर दावा करू नका.

१. प्रश्न नेमका कोणता, ते आधी ठरवा

'सर्वांत प्रभावी कोण' या एका वाक्यात लोक तीन वेगळे प्रश्न विचारत असतात. सगळ्यांत आधी कोणी केलं? सगळ्यांत जास्त कोणाचं उचललं गेलं? आणि मेटलच्या कोणत्या शाखेत उचललं गेलं?

'आधी कोणी' हा प्रश्न मागे मागे सरकत जातो. १९६४ मध्ये लंडनच्या द किंक्स या बँडमधल्या डेव्ह डेव्हिसनं गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या छोट्या अ‍ॅम्पच्या स्पीकरचा कागद ब्लेडनं फाडला, त्यातून निघालेला खरखरीत आवाज 'यू रिअली गॉट मी'वर आहे. त्याच्याही आधी, १९५८ मध्ये, लिंक रे यांचं 'रंबल' आहे. १९६८ च्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोच्या ब्लू चीअर या तिघांच्या बँडनं पहिला अल्बम काढला, तो आजही कान झिणझिणवतो. म्हणजे आवाज आणि खरखर या बाबतीत सॅबथच्या आधी ब्लू चीअर आहेच. पण पुढच्या मेटल बँडांनी ब्लू चीअरच्या रचना उचलून त्यांवर घर बांधलंय, असं फारसं दिसत नाही. पहिलं असणं आणि प्रभावी असणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि निम्मे वाद या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे पेटतात. बैठकीच्या सुरुवातीलाच विचारा: आपण दुसऱ्या प्रश्नावर बोलतोय ना?

२. रेषा आखून घ्या

कोणाला क्लासिक रॉकमध्ये (साठ-सत्तरच्या दशकांतला रॉक) धरायचं आणि कोणाला मेटलमध्ये, हे आधी ठरलं नाही तर कोणीतरी मध्येच जुडास प्रीस्ट या बँडचं नाव टाकतो आणि सगळं विस्कटतं. मी रेषा १९७६ वर आखतो. त्या वर्षी प्रीस्टचा 'सॅड विंग्ज ऑफ डेस्टिनी' आला. त्यात आणि त्यानंतरच्या दोन-तीन अल्बमांत त्यांनी ब्लूजचा (अमेरिकी कृष्णवर्णीयांचं जुनं संगीत, ज्यातून रॉक आला) उरलासुरला अंश बाजूला काढला. माझ्या हिशेबात प्रीस्ट, मोटरहेड, आयर्न मेडन हे घेणारे आणि त्यांच्या आधीचे देणारे. तुम्ही रेषा दोन वर्षं इकडेतिकडे सरकवा, पण आखा.

इथे एक सापळा आहे. 'मोटरहेडचा गायक लेमी स्वतः म्हणायचा की आम्ही रॉक अँड रोल वाजवतो' हे वाक्य कोणीतरी ऐकवणारच. ते खरं आहे, तो कार्यक्रमाच्या सुरुवातीला तसंच सांगायचा. झेपलिनचा गिटारवादक जिमी पेज यालाही झेपलिनला मेटल म्हटलेलं रुचत नाही. पण वादकाला आपल्या संगीतावर कोणती चिठ्ठी लावलेली आवडते, यावरून त्याचं कोणी काय उचललं हे ठरत नाही. जोडी मागा.

३. काय काय लागेल

- बरे हेडफोन. फोनच्या स्पीकरवर बेस (खालच्या सुरांची गिटार) आणि बेस ड्रम (पायानं वाजवायचा मोठा ढोल) ऐकूच येत नाहीत, आणि निम्मा वाद तिथेच आहे.
- गाणी ऐकवणारं एखादं अ‍ॅप. अल्बम सलग ऐका. 'बेस्ट ऑफ' संग्रह टाळा, कारण त्यांत क्रम आणि काळ दोन्ही हरवतात.
- वही. रकाने चार: जुनं गाणं, नवं गाणं, मिनिट-सेकंद, काय सारखं.
- प्रत्येक अल्बमची मूळ प्रकाशनाची तारीख. अ‍ॅपवर दिसणारं साल अनेकदा नव्यानं स्वच्छ केलेल्या आवृत्तीचं असतं. शिवाय ब्रिटन आणि अमेरिकेतल्या तारखा वेगळ्या असतात: सॅबथचा पहिला अल्बम ब्रिटनमध्ये १३ फेब्रुवारी १९७० ला आला, अमेरिकेत जूनमध्ये. 'पॅरानॉइड' ब्रिटनमध्ये सप्टेंबर १९७० चा, अमेरिकेत जानेवारी १९७१ चा. एकाच देशाच्या तारखा धरा, नाहीतर 'आधी कोण'चा हिशेब चुकतो.
- हार्मोनियम, की-बोर्ड किंवा गिटार जवळ असेल तर उत्तमच. का ते पाचव्या पायरीत.

४. ऐकण्याचा क्रम

उलट्या क्रमानं, म्हणजे मेटलकडून मागे गेलात तर प्रत्येक जुनं गाणं अपुरं मेटल वाटेल. म्हणून सालाप्रमाणे पुढे या. क्रीम आणि जिमी हेंड्रिक्स १९६७ चे; द बीटल्सचं 'हेल्टर स्केल्टर' १९६८ चं; लेड झेपलिनचे पहिले दोन अल्बम १९६९ चे; किंग क्रिम्सनचा पहिलाही त्याच वर्षीचा. मग १९७० हे वर्ष शांतपणे, घाई न करता: सॅबथचे दोन अल्बम, डीप पर्पलचा 'इन रॉक', झेपलिनचा तिसरा. पुढे 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी' (१९७१), 'मशीन हेड' आणि विशबोन अ‍ॅशचा 'आर्गस' (दोन्ही १९७२), क्वीनचा 'शीअर हार्ट अटॅक' (१९७४), आणि १९७६ चे दोन: थिन लिझीचा 'जेलब्रेक' आणि रेनबोचा 'रायझिंग'.

एवढं ऐकून होईपर्यंत मत बनवू नका. मत बनलं की कान त्याच्या बाजूनं ऐकायला लागतात.

५. प्रभावाचे भाग पाडा

हीच पायरी सर्वांत महत्त्वाची. रिफ (गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा छोटा तुकडा), सूर, आवाज, ढोल, गिटारांची जोडी हे सगळं वेगवेगळं तपासलंत तर एकाच बँडला सगळं श्रेय देता येत नाही, हे आपोआप कळतं.

*रिफ आणि सूर.* इथे ब्लॅक सॅबथ. बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन भागातली चार मुलं. गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात यंत्रात हात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या आणि अनामिका या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा; म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, पातळ तारा लावल्या, आणि पुढे तारा सैल करून सूर खाली उतरवला. 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'वरच्या काही गाण्यांत गिटार तीन अर्धस्वर खाली आहे. हार्मोनियमच्या भाषेत पांढरी तीनवरून काळी एकवर. आज जो तो मेटल बँड सूर खाली उतरवून वाजवतो, त्याची वाट इथून निघते.

आता पेटी पुढे ओढा. पहिल्या अल्बमवरच्या पहिल्या गाण्याचा रिफ तीनच सुरांचा आहे: सा, तार सा, आणि मग तीव्र मध्यम. यमनमध्ये आपण तीव्र मध्यम रोज ऐकतो आणि तो गोड लागतो, कारण त्याला पुढे पंचमाकडे जायला मोकळी वाट असते. इथे तसं नाही. आयोमी त्या सुरावर थांबतो, त्याला हेलकावतो आणि तसाच लोंबकळत सोडतो; पंचम येतच नाही. ती अस्वस्थता स्वतः वाजवून बघा. बेसवादक गीझर बटलर इंग्लिश संगीतकार होल्स्टच्या 'मार्स' या रचनेतली धून बेसवर वाजवत होता आणि त्यातून हा रिफ सुचला, असं बँडमधल्यांनीच सांगितलंय. तीव्र मध्यमावर थांबणं ही पुढे मेटलची ओळखच झाली. या मुद्द्यासाठी जोडी शोधायला कष्ट पडत नाहीत: कॅंडलमास, सेंट व्हायटस, इलेक्ट्रिक विझर्ड, कोणतंही डूम मेटल (मेटलची संथ, जडशीळ शाखा) लावा. इलेक्ट्रिक विझर्डचं तर नावच सॅबथच्या दोन गाण्यांच्या शीर्षकांतून जुळवलेलं आहे.

सॅबथ म्हणजे फक्त संथ, असं मात्र समजू नका. १९७५ चं 'सिम्प्टम ऑफ द युनिव्हर्स' लावा आणि लगेच ऐंशीच्या दशकातलं कोणतंही थ्रॅश (मेटलची वेगवान शाखा) ऐका. ब्राझीलच्या सेपुल्तुरानं हेच गाणं १९९४ च्या सॅबथ-मानवंदना अल्बमसाठी वाजवलं, त्यांना त्यात फारसं बदलावं लागलं नाही.

*वेग आणि बोटांची कसरत.* इथे डीप पर्पल, आणि माझ्या मते त्यांना या वादात त्यांच्या वाट्याचं कधीच मिळत नाही. लोक 'स्मोक ऑन द वॉटर'पाशी थांबतात. ते गाणं, ते ज्यावरून सुचलं ती स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या कसिनोला लागलेली आग, हे सगळं ठीक. पण मेटलच्या दृष्टीनं 'हायवे स्टार' त्याहून कितीतरी महत्त्वाचं आहे. त्यातला पर्पलच्या रिची ब्लॅकमोरचा गिटारचा तुकडा जर्मन संगीतकार बाखच्या धर्तीच्या स्वरक्रमावर उभा आहे, ब्लूजवर नाही. तिथून सरळ रेघ स्वीडनचा गिटारवादक यंग्वी मामस्टीनपर्यंत जाते. 'फायरबॉल' (१९७१) मधली पर्पलचा ड्रमवादक इयन पेसची दोन बेस ड्रमांची धाव ऐका आणि मग मोटरहेडचं 'ओव्हरकिल' (१९७९) लावा. पर्पलचा जॉन लॉर्ड आपला हॅमंड ऑर्गन गिटारच्या मार्शल अ‍ॅम्पमधून वाजवायचा, त्यामुळे दोन गिटारांची भिंत उभी राहिल्यासारखी वाटते.

*आवाज.* 'चाइल्ड इन टाइम'मधल्या पर्पलचा गायक इयन गिलनच्या चढत्या किंकाळ्या ऐका आणि मग प्रीस्टचा गायक रॉब हॅलफर्ड ऐका. मेडनचा गायक ब्रूस डिकिन्सननं गिलनचं ऋण अनेकदा बोलून दाखवलंय. गंमत म्हणजे या गाण्याची मूळ धून इट्स अ ब्यूटिफुल डे या सॅन फ्रान्सिस्कोच्या बँडच्या 'बॉम्बे कॉलिंग'वरून उचललेली आहे, हे पर्पलवाल्यांनीही मान्य केलंय. प्रभाव असा कुठून कुठे जातो. झेपलिनचा गायक रॉबर्ट प्लांटचा वाटा या रकान्यात निश्चित आहे, पण त्याच्या गळ्यातलं ब्लूजचं लाडिक वळण मेटलनं घेतलं नाही; घेतला तो उंच, सरळ फेकलेला सूर. 'इमिग्रंट साँग'ची सुरुवात त्यासाठी पुरेशी आहे.

*ढोल.* झेपलिनचा जॉन बोनहॅम. 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'साठी ड्रमसेट हेडली ग्रेंज या जुन्या घराच्या दालनात ठेवला आणि माइक वर जिन्यात टांगले. तो घुमारा मिळवायचा प्रयत्न जड संगीत वाजवणारे आजही करतात. सॅबथच्या ड्रमवादकाला, बिल वॉर्डला, मात्र विसरू नका. त्याचा हात जॅझवर बसलेला होता आणि सॅबथचे जडशीळ रिफ हलते राहतात ते त्याच्यामुळे.

*दोन गिटारांची एकत्र धून.* विशबोन अ‍ॅश आणि थिन लिझी. इथे सॅबथ, झेपलिन, पर्पल तिघंही बाद, कारण तिघांकडे गिटारवादक एकेकच. मेडनचा बेसवादक स्टीव्ह हॅरिसनं हे ऋण कधी लपवलं नाही. १ फेब्रुवारी २००८ ला वांद्रे-कुर्ला संकुलात मेडन ऐकायला गेलेल्या कोणालाही विचारा, लोक शब्दांपेक्षा गिटारच्या धुनाच गळा काढून गातात. त्या धुनांचा उगम 'आर्गस' आणि 'जेलब्रेक'मध्ये आहे.

*विषय.* युद्ध, वेड, सैतान, अणुबॉम्ब हे सॅबथकडून, मुख्यतः गीझर बटलरच्या लेखणीतून. किल्ले, जादूगार, तारे हे रेनबोकडून. रेनबोचा गायक रॉनी जेम्स डिओ १९७९ मध्ये सॅबथमध्ये गेला आणि हे दोन प्रवाह एकमेकांत मिसळले. 'हेवन अँड हेल' (१९८०) ऐकताना ते लक्षात येतं.

६. पुरावा गोळा करा

मेटल बँडांनी कोणाची गाणी वाजवायला घेतली, ही सर्वांत भक्कम साक्ष. मुलाखतीत माणूस सौजन्यानं कोणाचंही नाव घेतो. गाणं बसवायला मात्र वेळ आणि मन दोन्ही द्यावं लागतं.

मेटॅलिका एकट्यांनीच अर्धं काम करून ठेवलंय. त्यांनी सॅबथ वाजवलं, थिन लिझीच्या धाटणीत 'व्हिस्की इन द जार' वाजवलं, ब्लू ऑयस्टर कल्ट वाजवलं, वेल्सच्या बजी या बँडची दोन गाणी वाजवली. बजी आज फारसं कोणी ऐकत नाही; 'ब्रेडफॅन' लावा आणि ते १९७३ चं आहे यावर विश्वास बसतो का बघा. मेटॅलिकाचा ड्रमवादक लार्स उलरिकनं नऊ वर्षांचा असताना कोपनहेगनमध्ये डीप पर्पल पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा अल्बम घेतला. २०१६ मध्ये पर्पलला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं तेव्हा भाषण त्यानंच केलं. सॅबथसाठी २००६ मध्ये मेटॅलिकाच गेले होते.

पँटेरानं सॅबथचं 'प्लॅनेट कॅरॅव्हॅन' घेतलं, स्लेयरनं आयर्न बटरफ्लाय, टूलनं झेपलिनचं 'नो क्वार्टर', प्रीस्टनं फ्लीटवुड मॅकचं 'ग्रीन मनालिशी'. मेडननं जेथ्रो टलचं 'क्रॉस-आइड मेरी' घेतलं. टलचं नाव काढलं की लोक १९८९ चं ग्रॅमी आठवून हसतात, कारण मेटलचं ते पारितोषिक मेटॅलिकाऐवजी टलला गेलं. हसू द्या. पण आयोमी १९६८ च्या डिसेंबरात काही काळ टलमध्ये होता, आणि रोज ठरल्या वेळी तालमीला बसण्याची शिस्त तिथून आणली, असं त्यानं सांगितलंय. तुमच्या वहीत टलला एक ओळ द्या.

क्वीनलाही द्या, आणि आपण तर नक्कीच. फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, तिथेच त्याचा पहिला बँड, द हेक्टिक्स. त्याच्या क्वीनचं 'स्टोन कोल्ड क्रेझी' मेटॅलिकानं १९९० मध्ये वाजवलं आणि त्यासाठी त्यांना मेटलचं ग्रॅमी मिळालं. २० एप्रिल १९९२ ला लंडनच्या वेम्ब्लीवर फ्रेडीच्या स्मृती-मैफलीत मेटॅलिकाचा गायक हेटफिल्डनं ते क्वीनबरोबर गायलं तेव्हा शेजारी आयोमी उभा होता. एका मंचावर तीन पिढ्यांचा धागा दिसतो. ही चित्रफीत बैठकीत जरूर लावा.

खपाचे आकडे मात्र पुरावा म्हणून आणू नका. झेपलिन बाकी दोघांपेक्षा खूप जास्त विकले गेले; त्यावरून ते मोठे बँड होते एवढंच सिद्ध होतं.

७. झेपलिनवाल्याशी कसं बोलायचं

कारण तो भेटणारच, आणि तो बहुधा बैठकीतला सर्वांत जाणकार माणूस असतो. त्याचा मुद्दा असा: 'सॅबथच्या आधी एक वर्ष झेपलिन होते, ते जड होते, ते घडलं नसतं तर बाकीचं घडलं नसतं.' मुद्द्यात दम आहे. 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड' आणि 'होल लोटा लव्ह' ऐकल्याशिवाय त्याला उत्तर द्यायला जाऊ नका.

उत्तर असं द्या. झेपलिनची महत्ता त्यांच्या पसाऱ्यात आहे: लोकगीतं, ब्लूज, फंक, आपल्याकडचे सूरही. १९७२ मध्ये पेज आणि प्लांट मुंबईत येऊन इथल्या वादकांबरोबर 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ध्वनिमुद्रित करून गेले. एवढ्या पसाऱ्यातून मेटलनं फक्त एक कोपरा उचलला. सॅबथचं उलट आहे: पहिल्या सहा अल्बमांतलं जवळपास प्रत्येक गाणं कोणत्या ना कोणत्या मेटल शाखेचं बी आहे. मग त्याला विचारा, 'मेटल बँडांनी झेपलिनच्या ज्या रिफवर स्वतःचे रिफ रचले, अशा पाच जोड्या दे.' 'कश्मीर' येईल, 'इमिग्रंट साँग' येईल. तिसऱ्यानंतर तो विचार करायला लागतो. आणि त्यानं खरंच पाच दिल्या तर त्या वहीत उतरवून घ्या, तुमचा फायदाच आहे.

८. आपला क्रम लावा

आता वहीतल्या जोड्या मोजा आणि क्रम कागदावर उतरवा. तोंडी क्रम बैठकीच्या रंगात बदलत जातो.

माझा असा आहे. पहिले सॅबथ, आणि तिथे मला शंका नाही. ५ जुलै २०२५ ला अ‍ॅस्टनच्याच व्हिला पार्क मैदानावर त्यांचा शेवटचा कार्यक्रम झाला, तेव्हा मेटॅलिका, स्लेयर, पँटेरा, अँथ्रॅक्स, गोजिरा, मॅस्टोडॉन असे चार दशकांतले बँड येऊन सॅबथची गाणी वाजवून गेले. सॅबथचा गायक ऑझी त्यानंतर १७ दिवसांनी वारला. एवढ्या वेगवेगळ्या शाखांचे लोक दुसऱ्या कोणत्याही क्लासिक रॉक बँडसाठी असे एका मंचावर जमले असते, असं मला वाटत नाही.

दुसरे पर्पल, आणि त्यांच्या खात्यात मी रेनबोही धरतो, कारण ब्लॅकमोर दोन्हीकडे आहे. तिसरे झेपलिन. चौथ्या जागेवर थिन लिझी आणि विशबोन अ‍ॅश मिळून. पाचव्यावर मी क्वीनला ठेवतो, आणि तिथे मला हरकती येतात: कोणी म्हणतं बजी हवे, कोणी हॉकविंड, कारण लेमी तिथून आला. किंग क्रिम्सनचा 'रेड' (१९७४) ज्यांनी टूलच्या जोडीनं ऐकलाय ते वेगळंच नाव घेतात, आणि त्यांचं म्हणणं मला दिवसेंदिवस जास्त पटतंय.

पहिल्या बैठकीला जाताना वहीतल्या तीनच जोड्या निवडा, गाणी आधीच फोनवर त्या-त्या सेकंदाला लावून ठेवा, आणि जिथे जाल तिथे स्पीकर आहे का ते विचारून घ्या.